डाक्याची डाकीण

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीतही जमत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. म्हणून जिथे शंका येते तिथे मी वेलांटी मधोमध काढते, वाचणाऱ्याने आपापल्या सोयीने समजून घ्यावी. ही वही नातवाची आहे. पुढची पानं त्याच्या गणितांनी भरली आहेत, म्हणून मी मागून सुरुवात केली आहे. काय लिहितेस असं घरात कोणी विचारलं तर किराण्याची यादी असं सांगते, आणि एवढी मोठी यादी कशाची हे अजून कोणाच्या मनात आलेलं नाही. तरीही ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुकांबद्दल माफ करावं. खरं म्हणजे मला माफी मागायची आहे ती चुकलेल्या शब्दांसाठी नाही. आयुष्यात एक शब्द मी अगदी बिनचूक लिहिला, वळणदार अक्षरात, दीर्घ वेलांटी देऊन, आणि त्या शब्दापायी एका बाईची नोकरी जायची पाळी आली.

आमच्या घराची ओसरी म्हणजेच गावाचं पोस्ट होतं. माझे वडील, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, शेती सांभाळून पोस्टमास्तरकी करत. ओसरीवर एक मेज, एक कुलपाची पेटी, पितळी तराजू आणि भिंतीला टांगलेली लाल पत्र्याची पेटी, एवढ्यात सगळं सरकार मावलेलं होतं. सकाळी नांदुऱ्याहून मोटार आली की कंडक्टर टपालाची थैली आमच्या अंगणात भिरकावायचा. मग बाबा हात धुऊन बसत आणि ठप्पा मारायला लागत. आधी शाईवर, मग तिकिटावर, ठक ठप, ठक ठप. आत माय त्याच तालावर भाकरी थापायची. तालात चूक झाली की मायला बाहेर न येता कळायचं की बाबांना कोणाचं तरी पत्र वाचायचा मोह झाला आहे. घरभर लाखेचा वास असे, कारण परत जाणाऱ्या थैलीला लाख लावावी लागे आणि ती वितळवायला बाबा मायच्या चुलीतलाच निखारा नेत. "सरकारले सांगा एक चूल धाडाले," असं ती रोज म्हणायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि त्यावर लाखेचा वास. आजही भाकरी जरा करपली की मला आधी पोस्ट आठवतं, मग भाकरी.

आलेलं टपाल वाटायचं काम जमनाबुढीकडे होतं. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला बुढी म्हणतात, त्यात अपमान काही नाही. तिचा नवरा गावाचा डाक्या होता. तो वारल्यावर बाबांनी वर लिहून, भांडून, ते काम तिला मिळवून दिलं. कामाबरोबर नवऱ्याचा खाकी कोट आणि खांद्यावरची थैली तिच्याकडे आली. उंच, वाळलेली बाई, नऊवारी लुगड्यावर गुडघ्यापर्यंतचा खाकी कोट, कुत्र्यांसाठी हातात काठी आणि समोर एकच लांब दात. नजर कमी झाली होती, म्हणून पत्ते मी वाचून दाखवायची. ती पत्रं बोटांच्या बेचक्यांत खोचून घ्यायची. अंगठ्याजवळची बेचकी माळ्यांच्या गल्लीची, त्यापुढची देवळाच्या आळीची, मग पाटलांची, आणि करंगळीजवळ वेशीबाहेरची घरं. एकदा पत्र बेचकीत गेलं की डोळ्यांचं काम संपलं. हात पंख्यासारखा पसरून ती निघायची आणि संध्याकाळी मोकळी बोटं घेऊन परत यायची. एकही पत्र तिने चुकीच्या दारात दिल्याचं मला आठवत नाही.

एकच खोड होती, ती बैरंग पत्रांची. तिकीट न लावता टाकलेलं पत्र बैरंग होतं आणि ज्याला ते येतं त्याने दुप्पट पैसे भरून सोडवायचं असतं. आमच्या गावात बैरंग फार येत, कारण सासरी गेलेल्या मुलींकडे तिकिटाला पैसे नसत. शिवाय काही लोकांची पक्की समजूत होती की तिकीट लावलेलं पत्र वाटेत हरवतं, पण बैरंग हरवत नाही, कारण सरकारचे पैसे अडकलेले असतात. एका पत्राचे तीस पैसे व्हायचे. जमनाबुढीने दारात पत्र धरलं की त्या मुलीची माय म्हणायची, "उद्या देतो वं बुढे, हातात नाई आत्ता." लेकीचं पत्र समोर असताना परत न्यायचं काळीज बुढीला नव्हतं. ती देऊन टाकायची आणि बाबांना येऊन सांगायची, "मानूस गावाले गेलं हाय, आलं की देतो." बाबा तसं वहीत लिहीत, नावं नाही, नुसता आकडा, कारण बैरंगवर ठप्पा मारायला तिकीट नसे आणि ती पत्रं ते न चाळता मोजून तिच्याकडे देत. बाबांच्या वहीप्रमाणे त्या उन्हाळ्यात आमचं अर्धं गाव बाहेरगावी होतं.

आता माझं सांगते. मी लाजाळू होते. नुसती नाही, फार. पाहुणे आले की मी कणगीमागे जायची. घरात मला मुकी म्हणत आणि जमनाबुढी तर चारचौघांत गालाला चिमटा घेऊन म्हणायची, "तोंडात गूळ धरला का वं? थुक तरी, नाई तं गीळ तरी." सगळे हसत. ती प्रेमाने करायची हे आज कळतं. तेव्हा मी मनात तिच्यासाठी एक एक शिक्षा जमवून ठेवत होते.

त्या शिक्षांचं सामान मायच्या गोष्टींतून यायचं. मायच्या गोष्टींत हडळ असायची ती विहिरीच्या चिंचेवर, पाय उलटे, आणि तिची भीती वाटली तरी ती आपली लांबची. डाकीण मात्र गावातच राहते. ती जिवंत बाई असते, भाकरी खाते, बाजाराला जाते, तुमच्याशी हसून बोलते, आणि तिने पाहिलं की लेकराचं काळीज आतून वाळतं. तिच्या खांद्याला झोळी असते आणि आवडलेलं लेकरू ती त्यात घालून नेते. परवा नात मोबाईलवर एक चेटकीण दाखवत होती, टोकदार टोपी घालून झाडूवर बसलेली. मी म्हटलं, ही कसली चेटकीण, हिला तर लांबूनच ओळखता येतं. नात म्हणाली, आजी, तू काय पाहिली आहेस का खरी? मी म्हटलं, पाहिली नाही बाई, मी केली आहे. तिला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही आणि मी करंजीबद्दल बोलते आहे.

शाळेत गुरुजी व्याकरण शिकवत होते. गुरुजी बाहेरगावचे, शुद्ध बोलणारे. फळ्यावर त्यांनी लिहिलं, माळी माळीण, तेली तेलीण, धोबी धोबीण, वाघ वाघीण. मग म्हणाले, "आता प्रत्येकाने आपल्या मनाने अशी एक जोडी पाटीवर लिहा. फळ्यावरची नको." कोणी कुंभार कुंभारीण लिहिलं, कोणी नाग नागीण. मी लिहिलं, डाक्या डाकीण. गुरुजींनी पाटी हातात घेतली आणि दोनदा वाचली. मग त्यांचं पोट हलायला लागलं. चष्मा काढून, पुसून, त्यांनी पाटी साऱ्या वर्गाला दाखवली. "नियमात बसतं," ते म्हणाले. "व्याकरणात यात काहीही चूक काढता येणार नाही. शाबास!"

पुढे सगळे म्हणाले, बिचारी मुकी, तिला काय माहीत, नियम लावायला गेली आणि झालं. बाबाही हेच म्हणाले, मायही. मी खाली मान घालून उभी राहिले आणि तसं समजू दिलं. आज लिहून टाकते. मला माहीत होतं. लिहायच्या आधी मी तो शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला होता, खाकी कोट, झोळी आणि दात डोळ्यांसमोर आणले होते आणि मगच वेलांटी दीर्घ काढली होती.

दुपारी बुढी शाळेवरून जाताना पोट्ट्यांनी तिला पहिल्यांदा ऐकवलं. "पळा बे, डाकीण आली! झोळीत घालते!" बुढीने काठी उगारली, तर त्यांना आणखी जोर आला. आठ दिवस हा खेळ चालला. मग देवळाच्या आळीत एका सुनेचं तान्हं लेकरू उलट्या करू लागलं आणि सासूला आठवलं की आदल्या दिवशी बुढीने पत्र देताना त्याची हनुवटी धरली होती. तिथे खेळ संपला. बायका लेकरं आत ओढून दार लावू लागल्या. पत्र उंबऱ्यावर टाकून जा म्हणू लागल्या. पैसे मागितले तर आतून उत्तर यायचं, "डाकिनीच्या हातात पैसा देत नसतात, घराची बरकत जाते." मला मौज वाटायची ती एका गोष्टीची. ज्यांच्याकडे बैरंगचे पैसे थकले होते, त्यांचाच डाकिणीवर विश्वास सगळ्यांत पक्का बसला.

मौज वाटायची असं लिहिलं, पण ती फार दिवस टिकली नाही. बुढी आता येऊन ओसरीच्या खांबाला टेकून बसायची आणि माझ्या गालाला हात लावायची नाही. पत्ते ऐकायची, बोटांत पत्रं खोचायची आणि उठायची. एक दिवस तर मला म्हणाली, "पोरी, तू दूरच बस. उगा तुले काई झालं तं लोक मले म्हनतीन." तिला माहीत नव्हतं तो शब्द कोणाचा. पाटी कोणाची हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिच्यापर्यंत फक्त शब्द पोचला होता.

अशात मलकापूरहून पत्र आलं की पोस्टाचे इन्स्पेक्टर साहेब सोमवारी तपासणीला येणार. त्या दिवशी गुरुवार होता. बाबांनी वही काढली, पेटी काढली आणि ठप्प्याचा आवाज बंद झाला. माय भाकरी थापता थापता बाहेर आली.

"बुढे," बाबा म्हणाले, "हे एकोणीस बैरंग लिहेल आहेत. मानसं गावाले गेली म्हनून. पत्रं दाखव."

बुढी कोटाच्या खिशात हात घालून बसली होती. तो हात तिने काढला नाही.

"पत्रं नाईत, मास्तर."

"मंग पैसे दे."

"पैसेबी नाईत."

"म्हंजे देल्ले वाटून? फुकट?"

"फुकट नाई. उद्या देतो म्हनत होत्या. आता दारच उघडत नाई कोनी."

एकोणीस पत्रांचे पाच रुपये सत्तर पैसे होत होते. आज मोबाईलवर नुसतं बोट लावलं की एवढे जातात आणि कोणाला पत्ता लागत नाही. पण तेव्हा बुढीकडे पाच रुपये असते तर तिने आधीच भरले असते. बाबांनी भरले नाहीत, कारण ते तसले होते. एकदा झाकलं की दर महिन्याला झाकावं लागतं, असं ते म्हणाले. "सोमवारी साहेब येईन. एक तं पत्रं दाखवाची, नाई तं पैसे. दोन्ही नसलं तं मले थैली काढून घ्या लागते. माह्या हातात नाई राह्यलं मंग." शेवटचं वाक्य त्यांनी फार हळू म्हटलं. थैली गेली तर बुढीने काय खायचं, हे त्यांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाबा शेतात आणि माय घरात असताना, बुढी ओसरीवर एकटी बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी बोलायचं जमेना म्हणून मी पाटी आणली, त्यावर तोच शब्द लिहिला आणि तिच्या डोळ्यांपुढे धरली. तिने पाटी लांब धरली, जवळ घेतली आणि एकेक अक्षर लावत गेली. डा. की. ण.

"हे तुनं लिवलं होतं?"

मी मान हलवली.

"चुकून?"

मी मान हलवली, पण आडवी. तेवढं खरं मी एकाच माणसाला सांगितलं.

मला वाटलं आता काठी बसणार. बुढी पाटीकडे पाहत राहिली. मग तो एकुलता दात दिसला. "धोब्याची धोबीन," ती म्हणाली, "माळ्याची माळीन, अन् डाक्याची डाकीन. बराबर तं हाय वं. मी डाक्याचीच तं व्हय." आणि ती इतकी हसली की खोकल्याने तिचे डोळे पाणावले. खोकला थांबल्यावर तिने माझा गाल धरला, बऱ्याच दिवसांनी, आणि चांगला पिळला. "आता आईक. तुनं मले डाकीन केली न? मंग आता डाकिनीवानीच काम करू. पन येक काम तुले करा लागते. तोंडातला गूळ थुका लागते."

शनिवारी शेजारच्या वच्छलाकाकूंकडे कुरडया होत्या. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून, मोठ्या पातेल्यात चीक शिजत होता. आळीतल्या सगळ्या बायका अंगणात बाजांवर कुरडया घालत होत्या आणि आम्हा पोरींना वाटीवाटी गरम चीक मिळाला होता, वर तेल आणि तिखट. तेवढ्या अंगणात बैरंगच्या नऊ बायका होत्या. मी मोजल्या होत्या, पत्ते मीच तर वाचले होते. चीक जिभेला चटका देत होता आणि मी तो गिळत नव्हते, कारण गिळला की बोलावं लागणार होतं. शेवटी गिळला.

"डाकिनीचे पैसे घरात राह्यले," मी म्हटलं, "तं डाकीन पैशापाशी राह्याले येते."

सोऱ्या थांबला. मी बोलले याचंच त्यांना आधी नवल वाटलं.

"अवं माय, मुकी बोलली!" कोणीतरी म्हणालं.

"कोनं सांगतलं तुले?" वच्छलाकाकूंनी विचारलं.

इथपर्यंतचं वाक्य बुढीने पाठ करून घेतलं होतं. या प्रश्नाचं उत्तर आमचं ठरलेलं नव्हतं. मी कानापर्यंत तापले आणि तोंडातून आपोआप निघालं, "पोस्टाच्या कायद्यात लिहेल हाय. बाबाच्या पुस्तकात."

"सरकारनं लिवलं?"

"हाव."

कुठल्या मांत्रिकाचं म्हणणं एखादीने उडवून लावलं असतं, पण सरकारी पुस्तकापुढे काय करणार? आणि ते सांगणारी पोर अशी, की जिच्या तोंडून पत्ते सोडले तर महिन्यात चार शब्द निघत नाहीत. मी त्या दिवशी एक गोष्ट शिकले. जे कमी बोलतात त्यांचं खोटं फार दूर जातं. मी तो गुण पुढे फार वापरला नाही, पण संसारात दोन-तीनदा उपयोगी पडला.

त्याच दुपारी, कुरडया वाळत असताना आणि रस्त्यावर कुत्रंही नसताना, जमनाबुढी वच्छलाकाकूंच्या दारात येऊन बसली. बरोबर वळकटी, तांब्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी. मी आमच्या भिंतीआडून पाहत होते.

"काऊन वं जमनाबुढे, इथी काऊन बसली?" काकूंनी दार फटीएवढं उघडलं.

"बसली नाई. राह्याले आली."

"राह्याले? कोठी?"

"तुह्या घरी. मले हे घर पयलेपासून आवडते. चूल कोन्या अंगाले हाय वं? मले धुराचा तरास होते."

दार धाडकन लागलं. आत भांड्यांचा आवाज झाला. मग खिडकीतून एक लांब चिमटा बाहेर आला, चुलीतला, आणि चिमट्याच्या टोकाला कागदाची पुडी होती. पुडी बुढीच्या ओटीत पडली. आत तीस पैसे होते, खडेमीठ आणि पाच लाल मिरच्या, दृष्ट काढून दिलेल्या. बुढीने पैसे मोजले, मीठ चाखून पाहिलं, वळकटी उचलली आणि म्हणाली, "बरं बाप्पा, तुही मर्जी. मी आपली दुसरं घर पाह्यतो."

रविवार मावळायच्या आत अठरा पुड्या जमल्या. पाटलांच्या आळीत तर बुढीला बसायलाही मिळालं नाही, लांबून कोट दिसला की पुडी बाहेर येत होती. एकीने सुपातून दिली, एकीने झाडूने ढकलली. एका बाईकडे काहीच थकलं नव्हतं, तिनेही भीतीने दिले, ते बुढीने परत उंबऱ्यावर ठेवले आणि "माह्यं काम नाई तुह्यापाशी, मजेत राह्य" म्हणून आशीर्वाद दिला. मिठाचा आणि मिरच्यांचा तिचा त्या महिन्याचा खर्च सुटला. देवळाच्या आळीतलं ते लेकरू तोवर बरं होऊन रांगायला लागलं होतं, पण ते कोणी लक्षात घेतलं नाही. पुढे बुढी होती तोवर गावात एकही बैरंग थकलं नाही. मागच्या वर्षी माहेरच्या एका लग्नात एक नवी सून मला फार गंभीरपणे सांगत होती, आत्याबाई, या गावात टपालाचे पैसे ठेवून घेत नाहीत, फार जुनी रीत आहे, पूर्वजांपासून. मी हो हो म्हटलं. पूर्वज समोर बसून जिलबी खात होता.

सोमवारी साहेब मोटारीतून उतरले. गोरे, जाड, घामेजलेले. बाबांनी पुड्यांमधले पैसे तसेच मेजावर ओतले होते, धुवायचं कोणाला सुचलं नव्हतं. साहेबांनी जिभेला बोट लावून वहीचं पान उलटलं, नाणी मोजली, पुन्हा बोट जिभेला लावलं.

"ही अठरा पत्रांची रक्कम झाली," ते म्हणाले. "एकोणिसावं कुठे आहे?"

बाबांनी बुढीकडे पाहिलं. "सांग ना बुढे. कोनाचं राह्यलं?"

बुढी खाली पाहत होती.

"नाव सांगा बाई," साहेब म्हणाले. "नाव नाही, पत्र नाही, पैसे नाहीत, तर मला थैली जमा करून घ्यावी लागेल."

ती तरी बोलेना. सगळ्या गावाच्या दारात वळकटी टाकणारी बाई, तिला एक नाव सांगता येत नव्हतं. मला कारण ठाऊक होतं. एकोणिसावं पत्र माझ्या मामाचं होतं, मायच्या नावाने आलेलं. मामांनी बाबांना लंगडा बैल विकला म्हणून बाबांनी मामांचं नाव घरात बंद केलं होतं. बुढीने ते पत्र मागच्या दाराने मायला दिलं होतं, गोठ्यामागे बसून मीच ते वाचून दाखवलं होतं आणि मायने ते मोहरीच्या डब्यात दडवलं होतं. तीस पैसे मागायचे तर बाबांकडेच मागावे लागले असते, म्हणून ते राहिले होते. बुढी नाव घेत नव्हती ती त्यासाठी. शब्द माझा आणि थैली मात्र तिची जात होती.

मी आत पळाले. "माय, येक बैरंग कमी पडून राह्यलं. तुह्यं."

मायचा हात परातीत थांबला. ती काही बोलणार तेवढ्यात बाहेरून साहेबांची आरोळी आली. घाम पुसता पुसता मिरचीचं बोट त्यांच्या डोळ्यात गेलं होतं, आणि दुसरं बोट दुसऱ्या डोळ्यात. बाबा "पानी, पानी!" ओरडत होते. साहेब मेजाला, खांबाला, मग माझ्या अंगावर धडकत मागच्या अंगणात रांजणापाशी आले. पाठोपाठ टॉवेल घेऊन जमनाबुढी आली. बाबांना सरकारी पेटी उघडी टाकून येता येईना.

मायने मोहरीचा डबा काढला, मधल्या दिवसांत चोरून साठवलेले पैसे तिने त्यातच ठेवले होते. एका हाताने ती साहेबांच्या ओंजळीत तांब्याने पाणी ओतत होती. दुसरा हात तिने साहेबांच्या पाठीमागून लांब केला. बुढीने पदर पुढे केला, गेले दोन दिवस ती पदरातच पैसे झेलत होती. मायने नकाराची मान हलवली. बुढीचा हात ओढून घेतला, तळहातावर नाणी ठेवली, मोहरीच्या दोन-चार दाण्यांसकट, आणि तिची बोटं आपल्या हाताने मिटवली. गावात तेवढ्या एकाच घराने पैसे तिच्या हातात दिले. "लय उशीर झाला वं बाई," माय पुटपुटली. बुढी म्हणाली, "उद्या म्हनली होतीस न, आज उद्याच हाय."

"काय?" साहेबांनी डोळे मिटून विचारलं.

"काई नाई साहेब," माय म्हणाली. "डोळे चोळू नोका."

आम्ही सगळे ओसरीवर आलो. साहेबांचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते आणि त्यांतून पाणी थांबत नव्हतं. बुढीने मेजावर एक चार आण्याचं आणि एक पाच पैशाचं नाणं ठेवलं.

"हे कोनं देल्ले?" बाबांनी विचारलं.

"मास्तर," बुढी म्हणाली, "डाकिनीले असं इचारत नसतात."

बाबांनी नाण्याला चिकटलेला मोहरीचा दाणा नखाने काढला, त्याच्याकडे पाहिलं, मग आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि तो दाणा खिशात टाकला. साहेबांनी ती दोन नाणी बाकीच्या पैशांत सरकवली, यावेळी काडीने, आणि टॉवेल डोळ्यांना लावून अंदाजाने वहीत लिहिलं, बैरंग नग एकोणीस, रुपये पाच पैसे सत्तर, संपूर्ण वसूल.